रूळ धरणारी

पत्र्याची नळी वळणं हे काही फार मोठं काम नव्हे. पत्रा कापायचा, दोन्ही कडा उलट्या दिशांना दुमडायच्या, पत्रा गोल वळवून एका कडेची घडी दुसरीच्या घडीत अडकवायची आणि वरून ठोकून सांधा सपाट करायचा. हात चालणारा कोणीही महिन्याभरात शिकेल. पण सांधा असा बसवायचा की त्यातून धुराचा केससुद्धा बाहेर येऊ नये, हे फक्त दादालाच जमायचं. थोरली हे सगळ्यांना छातीठोकपणे सांगायची. तिला सांगायचा हक्कच होता, कारण गावातल्या निम्म्या घरांच्या शेगड्यांची धुराडी त्या बहीणभावांनी मिळून केली होती.

मिळून म्हणजे अक्षरशः मिळून. नळीचा सांधा ठोकायचा तर आतून भक्कम टेकू लागतो, नाहीतर नळी चेपून तिचं मातेरं होतं. थोरली नळीच्या पोटात लोखंडी रूळ, म्हणजे जाड गोल कांब, सरकवायची आणि सांध्याखाली नेमका टेकवायची. दादा आधी दोन हलके ठोके द्यायचा, टक टक. म्हणजे 'धरलंस का?' ती "धरलं" म्हणायची आणि मगच तिसरा, खरा घाव पडायचा. तिने नाक खाजवायला वेळ लावला तर हातोडा वरच्या वर थांबलेला असायचा. दुकानाला आग लागली असती तरी तो 'धरलं' ऐकल्याशिवाय खाली आला नसता.

काम झालं की दादा हातोडा ठेवायचा आणि अंगठा सांध्यावरून या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवायचा. अंगठा फिरून होईपर्यंत रूळ सोडायचा नाही, हा त्यांच्या दुकानाचा नियम. त्या अंगठ्यावर मधोमध एक जुनी चीर होती. त्यामुळे पत्र्यावरच्या तेलात त्याची खूण नेहमी जोडरेघेची उमटायची, मधे बारीक फट सोडून दोन रेघा. गिऱ्हाइकं म्हणायची, सही करतो लेकाचा.

मागच्या थंडीत खोकल्याचं निमित्त झालं आणि दादा गेला. थोरलीने पंधरवड्यात दुकान उघडलं. लोक म्हणाले, धीराची आहे. धीराचा प्रश्न नव्हता, घरात बसवत नव्हतं. आता ती रूळ बाकावरच्या वाइसच्या जबड्यात आवळायची, त्यावर नळी चढवायची आणि स्वतःच ठोकायची. वाइस बिचारा इमानी होता, पण हलत नव्हता आणि बोलत नव्हता. सांधे बरे व्हायचे. अगदी दादासारखे नाही, बरे. जिथे फट राहिल्यासारखी वाटे तिथे ती लुकण भरायची. दादाला लुकण अजिबात खपायचं नाही. "खिडकीच्या काचेला लाव," म्हणायचा, "माझ्या सांध्याला हात लावू नकोस." थोरली डबा उघडताना दर वेळी तिकडे पाठ करून उभी राहायची, जिथे तो बसायचा.

अशात तिच्या पाठच्या बहिणीला, धाकटीला, मूल झालं. दिवस भरण्याआधीच आलं, उंदराच्या पिल्लाएवढं. डॉक्टरीणबाईंनी दोनच गोष्टी बजावल्या. बाळाला ऊब हवी आणि धूर नको. जराही नको, याची छाती अजून कागदासारखी आहे. धाकटीचा नवरा शिंपी होता. खालच्या खोलीत शेगडीजवळ त्याचं मशीन चाले आणि धुराडं तिथूनच भिंतीबाहेर गेलेलं होतं. वरची खोली कोरडी, उजेडाची, पण बर्फासारखी गार. तेव्हा ठरलं की धुराडं सरळ वर न्यायचं, बाळाच्या खोलीतून छपराबाहेर, म्हणजे नळीच्या उबेने खोली तापेल.

"बाहेरच्या कोणाला बोलवू का?" शिंप्याने चाचरत विचारलं. "तुम्हाला एकटीला, म्हणजे..."

"जावईबापू, तुम्ही बाह्या शिवा," थोरली म्हणाली. "माझ्या भाचराच्या खोलीत परक्याचा सांधा लागणार नाही."

बोलून तर गेली. पण वरच्या खोलीतला मधला तुकडा ठोकताना तिच्या हाताला घाम सुटला. सांध्याच्या वरच्या टोकाजवळ एक जागा काही केल्या बसेना. खालून जळता बोळा धरून तिने सांध्याशेजारून मेणबत्ती फिरवली, आणि त्या जागी ज्योत किंचित आत झुकली. धुराडं तिथे हवा ओढत होतं. ज्यातून हवा आत जाते, त्यातून वारा फिरला की धूर बाहेर येतो. तिने पुन्हा ठोकलं, पुन्हा पाहिलं. दुसरा तुकडा केला, मग तिसरा, त्यातही तेच, त्याच जागी. शेवटी लुकण भरलं, वरून बोट फिरवलं, ज्योत सरळ राहिली. तिने नळी बसवून दिली.

पहिल्या दिवशी शेगडी पेटल्यावर ती वरच्या खोलीत मेणबत्ती घेऊन उभी राहिली. ज्योत सरळ, काठीसारखी. दुसऱ्या आठवड्यातही सरळ. पाळण्यात बाळ गुलाबी होऊन झोपलेलं. थोरलीला इतका आनंद झाला की ती खाली येऊन शिंप्याला म्हणाली, "बघा, जमलं!"

"जमलं खरं," तो म्हणाला. "पण ताई, ती वाजते."

"पत्रा आहे. तापला की फुगतो, वाजणारच."

"ते मला कळतं हो. सगळी नळी कुठेकुठे वाजते. पण वरची ती एक मात्र..." त्याने कापडावरची पट्टी उचलून मशीनवर हलकेच आपटली. टक टक. आणि थांबला. "एवढंच. पुढचा ठोका येणार असं वाटतं आणि येत नाही. शिंक अडकते ना, तसं होतं मला. मशीन थांबवून ऐकत बसतो."

थोरली हसली. हसताना आपण दाराची कडी घट्ट धरली आहे हे तिच्या लक्षात आलं.

त्यानंतर ती शेगडी पाहायच्या निमित्ताने बऱ्याचदा येऊ लागली. वर जाऊन बसायची. खाली मशीनचा घरघराट, खिडकीत ऊन, दोरीवर बाळाची दुपटी. आणि मधूनच नळीतून ते. टक टक. मग शांतता, कोणीतरी काहीतरी ऐकू येण्याची वाट पाहावी तशी. बाळ त्या आवाजाने दचकत नसे. तोंड नळीकडे करून ते लक्ष देऊन पडलेलं असे.

"आणखी एक गंमत दाखवू?" धाकटी एकदा म्हणाली. तिने नळीजवळ बोट नेलं.

"अगं भाजेल!"

"इथे नाही भाजत. एवढीशीच जागा आहे. बघ ना."

नळीला बोट लावलं तर कातडी सुटेल इतकी ती तापली होती. पण वरच्या टोकाजवळ, सांध्यावर, बोटभर जागा नुसती कोमट होती. थोरलीने हात ठेवला आणि लगेच काढून घेतला. भाजलं म्हणून नव्हे. ती ऊब तिला ओळखीची वाटली. थंडीत कोणी आपला हात हातात घेतल्यावर लागते, तेवढीच होती.

"तिथे पत्र्याचे चार पदर येतात," ती म्हणाली. "जाड झालं की तापायला वेळ लागतो."

"मग खालच्या सांध्यांना का नाही?"

"तू बाळाकडे बघ," थोरली म्हणाली. तिने पिशवीतून मेणबत्ती काढली आणि पुन्हा एकदा पूर्ण सांधा तपासला. ज्योत जराही हलली नाही.

थंडी सरली. बाळ धष्टपुष्ट झालं, डॉक्टरीणबाईंनी छातीला नळी लावून "छान" म्हटलं आणि धाकटी तिथल्या तिथे रडली. गावात थोरलीचं नाव झालं. भावाची कमी जाणवू देत नाही, असं लोक म्हणू लागले. थोरली ते ऐकून घ्यायची आणि घरी जाऊन स्वतःशी म्हणायची, खरंच का?

मग साफसफाईचा दिवस आला. शेगडी विझवून गार केली. थोरलीने एकेक तुकडा उतरवला आणि अंगणात भर उन्हात फळीवर मांडला. शेगडीवर धुराडं बसतं तिथे थंडीभर साचलेली राख काढताना तिच्या हाताला खडे लागले. भाजून विटकरी झालेले, चपटे. तिने एक खडा चुरडला.

लुकण होतं ते. राखेच्या अगदी तळाशी होतं, म्हणजे पहिल्या एकदोन आठवड्यांतच सुकून आत गळून पडलेलं.

ती अंगणात आली आणि मधला तुकडा उचलून त्याचं एक तोंड पदराने झाकलं. दुसऱ्या तोंडाला डोळा लावला. आत काळोख होता आणि काळोखात, वरच्या टोकाजवळ, उन्हाची एक लख्ख चीर होती. नखाएवढी लांब. फट सबंध थंडीभर उघडी होती. ती तुकडा मांडीवर घेऊन फळीवर बसली.

पण थोरली कारागीर होती. भीती वाटली तरी डोळे पाहायचं सोडत नव्हते. एवढ्या फटीतून महिनोन्महिने धूर आला असता, तर बाहेरच्या अंगाला काळी जीभ उमटली असती. बाहेर डागसुद्धा नव्हता. खोलीची भिंत पांढरी होती. बाळाची छाती साफ होती. आणि दर वेळी ज्योत सरळ होती.

तिने पदर काढला. आता नळीतून आरपार दिसत होतं. पलीकडची भिंत, दोरी, दोरीवरचं दुपटं. नळी पूर्ण रिकामी होती. आत काजळी मखमलीसारखी सारखी बसली होती. फक्त त्या फटीभोवती काजळीचा कण नव्हता. तेवढा पत्रा चांदीसारखा चमकत होता, लांबट गोल आकारात. काजळी रोज बसते. एकदा पुसलेली जागा चार दिवसांत पुन्हा काळी होते. ही जागा एकदाही काळी झालेली नव्हती.

त्या लांबट गोलाच्या मधोमध एक बारीक उभी रेघ होती. त्या अंगठ्यावरच्या चिरेची.

थोरलीने तोंडावर हात ठेवला. भीतीच्या आधी तिला जे वाटलं ते कौतुक होतं, ऊर भरून येणारं कौतुक. तापलेल्या पत्र्यावर, दिवसभर, सबंध थंडी. लुकण गळाल्यावर कोणी हाक मारली नाही, तक्रार केली नाही, फट तशीच दाबून धरली. काम म्हणजे काम. "काय माणूस आहेस रे तू," ती पुटपुटली.

टक टक.

मांडीवरच्या नळीतून आवाज आला. शेगडी विझलेली होती. पत्रा गार होता.

घरात मशीन थांबलं.

टक टक.

तिला एकदम सगळं कळलं. ती महिनोन्महिने त्या आवाजाशेजारी बसली होती आणि पत्रा फुगतो म्हणत होती. तो विचारत होता. तो आतून ठोकायला तयार होता, पण आतून ठोकायचं तर रूळ बाहेरून लागतो. आणि रूळ धरणारीने सांगितल्याशिवाय त्याने आयुष्यात कधी घाव घातला नव्हता.

थोरलीने पिशवीतून रूळ काढला. नळी फळीवर आडवी केली, सांधा वर घेतला. एका तोंडापाशी बसून तिने रूळ बाहेरून सांध्यावर ठेवला, नेमका फटीवर, आणि दोन्ही हातांनी दाबला. रूळ स्थिर होईपर्यंत ती थांबली, कारण हलत्या रुळावर सांधा बसत नाही.

वरच्या खिडकीतून धाकटीने विचारलं, "ताई, कोणाशी बोलतेस?"

थोरली नळीत पाहत होती. पलीकडे भिंत, दोरी, दुपटं.

"धरलं," ती म्हणाली.

रूळ तिच्या हातात उडाला. घाव कोपरापर्यंत आला, तो जुना, ओळखीचा, पुरा घाव. एकच. रुळाखालची फट मिटल्याचं तिच्या तळव्यांना कळलं.

तिने रूळ सोडला नाही. नियम होता.

मग नळीच्या पलीकडच्या तोंडाशी, सांध्यावरच्या काजळीत, मधे बारीक फट सोडून दोन रेघा उमटल्या आणि हळूहळू, कुठेही न थांबता, तिच्याकडे येऊ लागल्या.