बांबूच्या रानातल्या तीन शिट्ट्या

पुली गावातल्या आमच्या दुकानात डोंगरावर न्यायचं सगळं मिळतं. बूट, तंबू, गॅसच्या कुप्या, गरम पाण्यात फुलणारा भात, पायाच्या फोडांवर लावायच्या पट्ट्या. शिट्टी मात्र मिळत नाही. तुम्ही मघापासून तीच मागताय आणि मी 'संपल्या' म्हणतेय. खोटं बोलतेय. मी त्या ठेवतच नाही.

बसा. या पावसात तसेही कुठे जाणार? चहा आत्ताच टाकलाय. भाऊ मागे गोदामात माल लावतोय, त्याला वेळ लागेल. तो यायच्या आत सांगून होईल.

तुम्ही डोंगररांगेवरून दक्षिणेपर्यंत चालत जाणार म्हणता. आम्हीही तेच ठरवलं होतं. आम्ही तिघं. वर गेल्यावर खरी नावं घ्यायची नाहीत, हा रिवाज तुम्हीही पाळत असालच. डोंगर ऐकतो आणि ऐकलेलं ठेवून घेतो, असं आमचे म्हातारे सांगायचे. म्हणून मी कासव. हळू चालते, पण पोचते. आमचे म्होरके टपालखात्यातून निवृत्त झालेले, उंच, पांढरे, सडपातळ, म्हणून मुळादादा. आणि माझा धाकटा भाऊ भोपळा. त्याला भोपळा का म्हणत, ते विचारू नका.

तयारीत वर्ष गेलं. मुळादादांनी नकाशावर रोजचा मुक्काम, रोजचं पाणी, आणि काही बिनसलं तर खाली उतरायच्या वाटा आखल्या. मी कोबी सुकवला, मांसाचा कीस भाजला, आलं-गुळाच्या वड्या पाडल्या आणि एकेका दिवसाच्या पुड्या बांधल्या. दोन ठिकाणी अन्नाचे डबे आधीच वर नेऊन ठेवले. त्यांची बायको, मुळावहिनी, घरी नकाशा घेऊन बसणार होत्या. ठरल्या वेळी आमचा फोन आला नाही, तर बचाववाल्यांना कळवायचं काम त्यांचं. निघायच्या दिवशी वेशीवरच्या भूमिदेवापुढे तांदळाची दारू ओतली, उदबत्ती लावली. आई आली होती. माझ्या पिशवीचा पट्टा ओढून म्हणाली, "घेऊन चाललीस ना त्याला? मग घेऊन ये."

"आई, मी काय पार्सल आहे का?" भोपळा म्हणाला.

"पार्सल बरं. त्याला रस्त्यात भूक लागत नाही."

ते मात्र खरं होतं. दर थांब्याला त्याचं एकच पालुपद, 'ताई, भूक लागली.' आणि मग खी खी हसणं. तोंडात घास असतानासुद्धा म्हणायचा. दोन आठवडे ते ऐकून माझे कान किटले होते.

नियम मुळादादांचे. रोज सकाळी चहाबरोबर ते पाजायचे. "रस्ता चुकला असं वाटलं की बसायचं. दरीत उतरायचं नाही. पाणी खाली जातं, माणूस पाण्यामागे जातो आणि कड्यावर संपतो. एकट्यानं भटकायचं नाही. आणि नाव घ्यायचं नाही. जीव गेला तरी नाही."

"जीव गेल्यावर कोण घेणार, दादा?"

"तू घेशील. तुझं तोंड मेल्यावरही बंद व्हायचं नाही, भोपळ्या."

नावं घ्यायची नाहीत म्हणून शिट्ट्या. पुढून मुळादादा एक वाजवणार, मधून मी दोन, शेवटून भोपळा तीन. भोपळ्याला त्या प्लास्टिकच्या शिट्टीचा राग. तो दोन बोटं तोंडात घालून अशी शीळ मारायचा की पुढच्या गल्लीतली कुत्री उठायची. "बोटं गारठल्यावर काय करशील?" असं म्हणत दादांनी नारिंगी शिट्टी त्याच्या गळ्यात अडकवली, दोरीला दुहेरी गाठ मारून.

वाटेत लागणारा तो बांबू तुम्ही चित्रात पाहिला असेल. लांबून कुरणासारखा दिसतो. आत शिरलात की डोक्यावरून वीतभर उंच, बोटाएवढ्या जाड काठ्या, एकमेकींना चिकटलेल्या, ओल्या. हरणांनी पाडलेलं एक भुयार असतं, त्यातून कमरेत वाकून जायचं. दोन्ही हातांनी काठ्या बाजूला करायच्या. पाऊल टाकलं की त्या मागे मिटतात. पुढचा माणूस हातभर अंतरावर असला तरी दिसत नाही. आम्ही जेवून आत शिरलो आणि धुकं उतरलं. कुजलेल्या पानांचा वास, त्यात ओल्या केसांसारखा काहीतरी वास. उजेड होता, पण तो कुठून येतो ते कळेना.

"डावीकडे सरकू नका," पुढून दादा म्हणाले. "डावीकडे कडा आहे."

एक शिट्टी. मी दोन. मागून तीन. पुन्हा एक, दोन, तीन. दुपारभर हेच चाललं. पाठीवरची पिशवी अडकायची, मी शिव्या घालत ती सोडवायची, आणि मागून तीन शिट्ट्या आल्या की बरं वाटायचं.

शेवटी एक मोकळी जागा आली, जेमतेम तंबूपुरती. दादा बसले होते. मीही बसले. भोपळ्याची वाट पाहू लागलो.

दादांनी एक वाजवली. मागून लगेच तीन. अगदी जवळून.

"आला," मी म्हणाले आणि वडीची पुडी काढून ठेवली.

तो आला नाही. पुन्हा एक वाजली. पुन्हा तीन, तेवढ्याच अंतरावरून. मग बराच वेळ काही नाही. आणि मग तीन आल्या... डावीकडून. खालून.

दादांचा चेहरा उतरला. "तो डावीकडे कसा गेला?"

दादांचा गुडघा सुजला होता. मी म्हणाले, "मी बारीक आहे, मी जाते. भाऊ माझा आहे." त्यांनी माझ्या कमरेला दोर बांधला, दुसरं टोक स्वतःच्या मनगटाला गुंडाळलं. "दोर संपला की परत. कासवा, एक पाऊल पुढे नाही."

मी भुयारात परत शिरले. आता रांगतच. दोर संपत आला तिथे, डोळ्यांसमोर, एका काठीवर नारिंगी शिट्टी लटकत होती. थोडी हलत होती. दोरी तुटलेली नव्हती. दुहेरी गाठ तशीच.

मी ती हातात घेतली. आणि खालून, डावीकडून, तीन शिट्ट्या आल्या.

खोटं कशाला सांगू, मला तिथेच लघवी झाली. मी वळले. मागे भुयार नव्हतंच. काठ्याच काठ्या. कमरेचा दोर त्यांच्यात जाऊन कुठेतरी अडकला होता. ओढला तर हलेना, सोडला तर सैल होईना. पुढे जाता येईना, मागे जाता येईना. काठ्या छातीला टेकल्या होत्या आणि श्वास घेतला की त्याही माझ्याबरोबर आत-बाहेर होत होत्या. उजेड विझत चालला होता. चकवा म्हणजे माणूस फिरत राहतो असं मी ऐकलं होतं. मला तर हलताही येत नव्हतं.

"ताई..." खालून आवाज आला. "ताई, भूक लागली..."

आणि तेच हसणं. खी खी.

तेवढ्यात उजवीकडून, अगदी हाताच्या अंतरावरून, भोपळ्याच्याच आवाजात, पण शांतपणे कुणीतरी म्हणालं, "ताई, तिकडे जाऊ नकोस. तो मी नाही."

"ताई, पाय अडकलाय गं..." खालून. "ये ना..."

"मी इथे आहे," उजवीकडून. "हात पुढे कर."

दोन्ही आवाज माझ्या भावाचे. दोघांपैकी एकाच्या मागे गेले तर कडा, आणि दुसऱ्याला सोडलं तर माझा भाऊ रात्रभर त्या थंडीत भिजून मरणार. मी डोकं काठ्यांवर टेकवलं आणि विचार केला. दोन आठवडे आम्ही या डोंगरावर बडबडत होतो. आमचे विनोद, आमच्या शिट्ट्या, सगळं या रानानं ऐकलं होतं. मग न ऐकलेलं काय? एकच. नाव.

"माझं नाव सांग," मी म्हणाले. "आडनावासकट."

खाली शांतता. मग बारीक आवाज आला. "ताई... नाव नको ना... दादा ओरडतील..."

त्याला येत नाही! मला त्या भीतीतही हसू फुटणार होतं. येत नाही त्याला!

उजवीकडच्यानं क्षणभरही न थांबता माझं पूर्ण नाव घेतलं. शाळेत हजेरी घेताना घेतात तसं, एकेक अक्षर स्पष्ट.

मी हात घातला. एक गार, ओला पंजा माझ्या हातात आला. मी तो घट्ट धरला आणि रडले. तेवढ्यात दोर सैल पडला, काठ्यांनी वाट दिली, आणि आम्ही दोघं दादांपाशी येऊन पडलो.

रात्रभर खालून शिट्ट्या येत राहिल्या. तीन, मग तीन, मग तीन. दादांनी कानात बोळे घातले. "ओ देऊ नका," माझा भाऊ म्हणाला आणि पांघरूण घेऊन झोपला. मी त्याचा हात सोडला नाही. देवाशप्पथ सांगते, आयुष्यात इतकं सुटल्यासारखं मला कधी वाटलं नव्हतं. पहाटेकडे शिट्ट्या दोनच व्हायला लागल्या, मग एक, मग नाही.

दादांनी आखलेल्या जवळच्या वाटेनं आम्ही खाली उतरलो. वाटेत भाऊ म्हणाला, "माझ्याआधीच कुणीतरी तीन वाजवायला लागलं. म्हणून शिट्टी काढून टांगून ठेवली, म्हणजे तुम्हाला कळावं की यापुढची माझी नाही." दादांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. "डोकं आहे रे भोपळ्या." आईनं त्याला दारातच मिठी मारली. शब्द पाळला मी. घेऊन आले.

डोंगरावर माझं नाव घेतलं गेलं होतं, म्हणून आईनं मला ज्योतिषाकडे आणि मग कचेरीत नेलं आणि नाव बदलायला लावलं. त्यात विशेष काही नाही, आमच्या गल्लीत निम्म्यांनी बदललंय. नवं नाव फक्त ओळखपत्रावर आहे. दुकानात मी मालकीणबाई, भावाची मी ताई.

तो तेव्हापासून माझ्याकडेच असतो. कामाला वाघ आहे. बारीकही झालाय. डोंगरावर पुन्हा गेला नाही, मीही नाही. आई एकदा भांडी घासताना म्हणाली, "हा हल्ली वाढलं की जेवतो, पण मागत नाही गं." मी म्हटलं, मोठा झाला. बोटं तोंडात घालून शीळ मारतानाही मी त्याला पुन्हा ऐकलं नाही. तेव्हा ते लक्षातच आलं नाही माझ्या.

गेल्या महिन्यात विद्यापीठातली चार मुलं भाड्यानं नेलेला तंबू परत करायला आली. त्या बांबूतून आली होती. म्हणाली, "मालकीणबाई, तिथे कुणी अडकलंय का हो? खालच्या बाजूनं कुणीतरी शीळ मारत होतं. तीनदा. मग एका बाईचं नाव घेऊन हाका मारायला लागलं, आडनावासकट. आम्हाला वाटलं दुसरा जथा असेल."

"कोणतं नाव?"

त्यांनी सांगितलं. माझं नाव होतं. नवं नाव.

"आणि पुढे म्हणाला, 'आता सांगितलं ना? ताई, भूक लागली.'"

ते नाव डोंगरावर कधी कुणी उच्चारलेलं नाही. म्हणजे तिथे जे काही आहे त्याला नाव ऐकावं लागत नाही. ते आधीच माहीत असतं. मग त्या संध्याकाळी नाव बरोबर सांगितलं म्हणून मी कुणाचा हात धरला? आणि दादा ओरडतील म्हणून नाव घ्यायला घाबरत होता, नियम पाळत होता, त्याला मी कुठे सोडून आले? पाय अडकलाय म्हणत होता हो. रात्रभर बोलावत होता मला.

रोज वाटतं, जावं वर. पण वर जायचं तर घरातून बाहेर पडावं लागतं, आणि मी बूट घातले की तो दारात येऊन उभा राहतो. नुसता उभा राहतो.

चहा घ्या, गार होईल. आणि तुम्ही...

थांबा. गोदामातून हाक आली, ऐकलीत? माझं नाव नाही ते. पूर्ण नाव होतं, आडनावासकट, कुणा पुरुषाचं. तुमचा चेहरा असा का झाला?

मला तर तुम्ही नाव सांगितलेलंच नाही.

ओ देऊ नका.