आईच्या सहीचा अर्ज

त्या दुपारी मी इस्पितळाच्या तळघरात गेलो तो आईची फाइल आणायला, एवढंच. धाकट्या बहिणीला आईचाच आजार निघाला होता. आईला कुठलं औषध सोसलं नव्हतं ते त्या फाइलमध्ये होतं, आणि ते कळल्याशिवाय डॉक्टर उपचार सुरू करायला तयार नव्हते.

अर्ज माझ्याजवळ होता. दोन वर्षांपूर्वीचा, आईच्या सहीचा. दुसऱ्या डॉक्टरांना दाखवायला तिला फाइलची नक्कल हवी होती. "दिलास ना रे अर्ज?" ती रोज विचारायची. "दिला गं, तेच लोक टोलवाटोलवी करतात," मी रोज सांगायचो. अर्ज माझ्या ऑफिसच्या खणात पडून होता. आज देऊ, उद्या देऊ करता करता आई गेली. त्याची मला अजून लाज वाटते.

तळघरात ओल्या कागदांचा कुबट वास होता. कुठेतरी पाणी ठिबकत होतं. म्हाताऱ्या कारकुनांनी नाव विचारलं, रॅकमधून फाइल काढून टेबलावर ठेवली आणि अर्ज हातात घेतला. तारखेपाशी ते अडखळले.

"हा आत्ता आणताय होय?"

"हो... का?"

"अहो, बाई रोज दुपारी येतात. मुलानं दिलेला अर्ज आला का, विचारतात. मी म्हणतो, नाही आला. त्या म्हणतात, असं कसं? तो खोटं बोलायचा नाही."

"कोण... बाई?"

त्यांनी आईच्या सहीवर बोट ठेवलं.

तेवढ्यात जिन्यावर पाऊल वाजलं. एक पायरी... मग थांबणं... मग खोकला. गुडघे दुखायला लागल्यापासून आई अशीच उतरायची.

"आल्याच बघा," कारकून हळूच म्हणाले. "काय सांगू त्यांना?"

दोन वर्षं मी मनातल्या मनात तिची माफी मागत होतो. आता फक्त तोंड उघडायचं होतं.

"सांगा..." मी अर्जाकडे बोट दाखवलं. "सांगा, मी तेव्हाच दिला होता. तुमच्याकडेच गहाळ झाला."

पावलं दारापाशी येऊन थांबली. दारात कुणीच नव्हतं. कारकून मात्र तिकडे बघून मान हलवत राहिले, कुणाचं तरी ऐकून घ्यावं तसे. मग पावलं पुन्हा जिना चढू लागली, सावकाश.

टेबलावर नुसता अर्ज उरला होता.

"फाइल?" मी विचारलं.

"त्या घेऊन गेल्या की. म्हणाल्या, त्याला त्रास नको... धाकटीकडे मीच जाते."