हात दाखवणारी माणसं

मुफ्लेहची पिकअप गाडी त्याच्या लग्नाच्याही आधीची. तिला पाण्याच्या टाकीची ट्रॉली जोडायची म्हटल्यावर वाळवंटाकडेच्या अझरक गावचा मेकॅनिक अबू हातिम आधी हसला आणि मग गाडीखाली शिरला.

"चेसिस गंजलीय रे. नुसता हूक ठोकला तर टाकी इथंच राहील आणि तू पुढं जाशील."

त्याने चेसिसला दोन्हीकडून जाड पट्ट्या वेल्ड केल्या, त्यांवर हूक बसवला आणि मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांत एकेक पाटा वाढवला. रिकामी गाडी मागून उंच दिसायला लागली. भरलेली टाकी जोडली तेव्हा कुठे ती सपाट बसली.

"बस, एवढंच वजन," हात पुसत अबू हातिम म्हणाला. "वर एक बोकडसुद्धा चढवू नकोस. आणि वाळूत थांबू नकोस, बाबा. क्लच म्हातारा झालाय. थांबलास की परत हलणार नाही."

मुफ्लेहला थांबायचंच नव्हतं. काळ्या दगडांच्या माळापलीकडे तंबूत त्याची बायको नूफा आणि चार वर्षांची हेसा होती. त्यांच्याजवळ एकच कॅन पाणी उरलं होतं. टँकरवाला आठवडाभर फिरकला नव्हता.

भर दुपार. तुम्ही म्हणाल, भुताची गोष्ट आणि दुपारी? अहो, तिकडे रात्री निदान गारवा असतो. माणसं मरतात ती दुपारीच.

वाळू लागली तिथे वाटेकडेला एक म्हातारा उभा होता. त्याने हात दाखवला. त्या मुलखात असा हात दिसला की वैऱ्यालाही पाणी पाजल्याशिवाय कोणी पुढे जात नाही, आणि दारी आलेल्या पाहुण्याला तीन दिवस कोणी जा म्हणत नाही. मुफ्लेहचा पाय ब्रेककडे गेला. मग क्लच आठवला, हेसा आठवली.

"माफ करा, काका," तो पुटपुटला आणि निघून गेला.

आरशात म्हातारा दिसला नाही. पण गाडीचं बूड जरासं खाली बसलं... मागे कोणी चढल्यावर बसतं तसं.

पुढे एक बाई, कडेवर मूल. तिनेही हात दाखवला. तो थांबला नाही. बूड आणखी खाली गेलं. नंतर त्याने बघणंच सोडलं. पाटे करकरले की त्याला कळायचं.

चढाखाली दगडी जमीन लागली. रेडिएटर उकळून गाडी बंद पडली. मुफ्लेह उतरला. ट्रॉलीवर कोणी नव्हतं. तरी पाटे चेपून सपाट झाले होते आणि टाकीवर कोणीतरी बोटं वाजवत होतं... हळूहळू.

रेडिएटरमध्ये पाणी ओतून त्याने गाडी सुरू केली, पण ती चढेना. ओझं कमी करायला त्याने टाकीचा नळ सोडला. अर्धी टाकी गेली, तरी गाडी चढेना. आणखी सोडलं. घरी एक कॅन आहे, उद्या पुन्हा आणू, असं म्हणत त्या अभाग्याने शेवटचा थेंबही ओतला. पाटे तसूभरही उठले नाहीत, पण गाडी कशीबशी चढली.

नूफा तंबूबाहेर आली. तिने ट्रॉलीकडे पाहिलं आणि लगबगीने डोईवरचं वस्त्र सावरलं.

"एवढी माणसं आणलीत? आधी निरोप तरी धाडायचा."

"नूफा... तिथं कोणी नाही."

"हळू बोला, अबू हेसा," नेहमीसारखी लेकीचा बाप म्हणून हाक मारत ती म्हणाली. "ऐकू जातंय त्यांना."

तिने आतून कॅन आणला आणि वाडगा भरून पुढे धरला. वाडगा कोरडा होऊन परत आला. खालची वाळूही कोरडीच. तिने पुन्हा भरला, मग पुन्हा. मुफ्लेहने धावत येऊन तिचं मनगट धरलं, तशी ती शरमेने लाल झाली.

"पाहुण्यांदेखत?" ती दबक्या आवाजात म्हणाली आणि हात सोडवून घेतला.

"आई, मला पाणी," हेसा म्हणाली.

"आधी पाहुणे, बाळ."

मुफ्लेहने कॅन हिसकावला, तेव्हा तो हलका लागला. नूफा सतरंजी झटकून अंथरू लागली. हेसा सरकून सरकून जागा करून देत होती.

"तीन दिवस राहणार म्हणतात," नूफा म्हणाली.