सातची रिंग

हॉस्पिटलच्या लाँड्रीत स्मार्टफोन टिकत नाही. वाफ आत शिरते, काचेमागे पाणी धरतं आणि महिन्याभरात फोन मान टाकतो. असे दोन फोन घालवल्यावर मी कानाला खडा लावला आणि बटणांचा साधा फोन घेतला. पाच दिवस चार्जिंग बघायला नको. कपडे धुण्याच्या ड्रमच्या मागे काही पडलं तर टॉर्च हाताशी असतो. हातातून फरशीवर पडला तर फरशीचीच काळजी करावी, असा दणकट. आईलाही तसाच घेऊन दिला, त्याच दुकानातून, त्याच निळ्या रंगाचा. हिरवं बटण उचलायला आणि लाल ठेवायला, यापलीकडे तिला काही नकोच होतं.

आई शहराच्या दुसऱ्या टोकाला, तिसऱ्या मजल्यावर एकटी राहते. मागच्या वर्षी तापाने तीन दिवस पडून होती आणि कोणाला पत्ताही लागू दिला नाही. विचारलं तर म्हणाली, "सांगून काय ताप उतरणार होता?" आमच्या घरात बोलणं म्हणजे सूचना. गॅस बंद कर. छत्री ने. तेव्हा मीही फार बोलले नाही. फक्त ठरवून टाकलं की रोज सकाळी सात वाजता एक रिंग. फोन उचलायचा नाही, पहिल्या रिंगला कट करायचा. रिंग आली म्हणजे सगळं ठीक.

वर्षभर रिंग आली. सातला माझा पहिला ड्रम फिरत असतो. खिशात फोन थरथरायचा, मी ओल्या अंगठ्याने लाल बटण दाबायचे आणि पुढच्या चादरी ओढायचे. आई आहे, एवढं कळायचं. आनंद वगैरे काही व्हायचा नाही. खरं म्हणजे त्या वर्षात मला कशानेच काही व्हायचं नाही. सकाळी चादरी, दुपारी चादरी, रात्री झोप.

मग एका रविवारी तिची रक्ततपासणी करायची होती, उपाशीपोटी. मी साडेसहालाच तिच्याकडे पोचले. आई स्वयंपाकघरात उभी राहून वेणी घालत होती. तिचा फोन फ्रिजवर होता, माझा माझ्या हातात. बरोबर सातला माझा फोन वाजला. स्क्रीनवर 'आई'.

त्याच क्षणी फ्रिजवरचा फोनही वाजला. आईने वेणी एका हातात धरली, दुसऱ्या हाताने फोन घेतला आणि सवयीने लाल बटण दाबलं. मीही दाबलं. मग आम्ही एकमेकींकडे पाहिलं.

"तुझ्या फोनवरून कोणी लावला?" मी विचारलं.

"मी कशाला लावू? रोज तूच लावतेस की. मी कट करते."

"मी नाही लावत. तू लावतेस, मी कट करते."

"अगं, मला लावता तरी येतो का?"

सात वाजता रिंग, एवढंच ठरलं होतं. ती द्यायची कोणी, हे ठरवायचं राहूनच गेलं होतं. मी दोन्ही फोन टेबलावर शेजारी ठेवून तपासले. तिच्या फोनवर मिस्ड कॉलच्या यादीत मावतात तेवढ्या वीसच्या वीस वेळा माझं नाव होतं, रोज सात वाजता. माझ्या यादीत वीस वेळा 'आई'. केलेल्या कॉलची यादी दोघींचीही कोरी होती.

म्हणजे वर्षभर मला कळत होतं ते तिच्याकडून नव्हतंच. वर्षात कुठल्याही सकाळी ती तापाने पडलेली असती, तरी माझा फोन वाजलाच असता. मी घाबरले. वर्षभरात पहिल्यांदा काहीतरी झालं, ते असं.

मोबाइल दुरुस्तीवाल्याने दोन्ही फोन उघडून फुंकर मारली आणि परत लावले. "कंपनीचा घोळ असेल," तो म्हणाला. "कट कशाला करता? उचलून बघा."

सोमवारी मी उचलला.

"बाळा, काही खाल्लंस का?" आईचाच आवाज. जरा दम लागलेला, तोच. "कंबर कशी आहे?"

कंबर दुखते हे मी कोणाला सांगितलं नव्हतं. बाळा म्हणून तर आईने मला शाळेत असतानाही हाक मारली नसेल. मला वाटलं, रविवारच्या प्रकाराने ती घाबरली असेल आणि रिंग द्यायलाही शिकली असेल. आम्ही आठ मिनिटं बोललो. मंगळवारी पंधरा. ती म्हणाली, तुला मी फार लवकर कामाला लावलं, चुकलंच माझं. मी ड्रमला टेकून उभी होते आणि डोळ्यांतून पाणी येत होतं. शेजारच्या इस्त्रीवाल्या मावशी बघत होत्या.

"कोण गं एवढं?" त्यांनी विचारलं.

"आई."

"मग रडतेस काय? नशीबवान आहेस."

गुरुवारी संध्याकाळी मी तिच्याकडे गेले. जाताना तिला आवडतात तसली मऊ बिस्किटं घेतली. बऱ्याच वर्षांनी असं काही घेतलं होतं.

"कामाचं बोललीस ना," मी म्हणाले, "ते बरं वाटलं मला."

"कुठल्या कामाचं?"

"मला लवकर कामाला लावलंस, चुकलं म्हणालीस ते."

"मी? काय चुकलं त्यात? काम केलंस म्हणून दोन घास खातेस." तिने बिस्किटाचा पुडा उघडला. "उलट तूच काल केवढी रडलीस बाबांच्या आठवणीने. मग आपण ते जुनं गाणं म्हटलं."

मी काल बाबांचं नावही काढलं नव्हतं. गाणं मला येत नाही.

पाणी घ्यायला उठले तेव्हा फ्रिजवर तिच्या रक्तदाबाच्या गोळ्यांची पट्टी दिसली. मी रविवारी आणून दिली होती तशीच, एकही गोळी फोडलेली नाही.

"गोळ्या का नाही घेतल्यास?"

"तूच म्हणालीस ना, बंद कर म्हणून."

"मी कधी?"

"फोनवर. सोमवारी." आई माझ्याकडे जरा निरखून बघत होती. "फोनवर किती छान बोलतेस गं तू. इथे आलीस की तोंडाला कुलूप."

मी तिला माझ्यासमोर एक गोळी घ्यायला लावली. शनिवारी डॉक्टरांकडे जायचं ठरवलं. उद्यापासून फोन उचलायचा नाही, असं बजावलं. ती हो म्हणाली, पण मान वळवून. माझा तिच्यावर विश्वास नव्हता. ती दाराबाहेर माझ्या चपला सरळ करायला गेली तेव्हा मी तिच्या फोनचं मागचं झाकण काढलं, बॅटरी पर्समध्ये टाकली आणि निघाले.

शुक्रवारी सातला माझा फोन वाजला. 'आई'.

पर्स लाँड्रीच्या कपाटात होती. मी जाऊन उघडून पाहिली. बॅटरी आतच होती, रुमालाखाली.

फोन वाजत राहिला. मी उचलला.

"बाळा, असं करतात का? मी किती घाबरले."

मी फोन ठेवला. मावशींना ड्रम बघायला सांगितलं आणि ओल्या चपलांनीच बाहेर पडले. रिक्षावाल्याला दोनदा पत्ता सांगितला. एक दिवस गोळी घेतली नाही तर काही होत नाही, पण तिने चार दिवसांत एकच घेतली होती. मला एवढंच कळत होतं की तिच्याजवळ पोचायला हवं, दार उघडून आत जायला हवं.

तिसरा मजला. मी बेल वाजवली.

दार साखळीएवढं उघडलं. फटीत आईचा अर्धा चेहरा दिसला. चेहरा लाल झाला होता, कपाळावर घाम होता. कानाला निळा फोन. फोनच्या पाठीला झाकण नव्हतं आणि बॅटरीची जागा रिकामी होती.

"आई, दार उघड."

तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. अनोळखी माणसाकडे आपण बघतो तसं.

"माझ्या मुलीने सांगितलंय, दार कोणालाही उघडायचं नाही," ती म्हणाली.

"आई, मीच आहे गं."

ती फोनमध्ये बोलली, हळू आवाजात. "हो. आलीय. नाही गं, अगदी तुझ्यासारखीच दिसते."

मग दार बंद झालं. आतून कडी लागली.

मी दार वाजवलं. हाका मारल्या. आतून आईच्या बोलण्याचा आवाज येत होता. ती माझ्याशी नव्हती बोलत. मध्येच हसत होती.

माझा फोन वाजला. 'आई'.

मी उचलला.

"दमलीस ना?" ती म्हणाली. "बस जरा पायरीवर."

मी बसले. खालच्या मजल्यावरच्या माणसांना बोलवायला हवं होतं. दार फोडायला हवं होतं. हे सगळं मला व्यवस्थित कळत होतं.

"आई, गोळी घेतलीस?"

"घेतली. माझं सोड, तू सांग. कंबर कशी आहे?"

दारामागे काहीतरी जड पडलं. पाठोपाठ भांडं घरंगळलं. मग आतलं बोलणं थांबलं.

"कसला आवाज?" मी विचारलं.

"काही नाही गं, बाळा. तू बोल."

मी बोलायला लागले. कंबरेचं सांगितलं, वाफेचं सांगितलं, कितीतरी वर्षांचं साठलेलं सांगितलं. ती मध्ये न बोलता ऐकत होती. आणि खोटं कशाला बोलू, मला बरं वाटत होतं.