शिराळ्यातली एक थाप

सर्व्हे कॅम्प मेढ्याजवळच्या डोंगरावर होता. मी उतारावर उंच मोजपट्टी धरून उभी, आणि वर दुर्बिणीला डोळा लावलेला एक मुलगा... आकडा काही सांगेचना.

"अरे, दिसतंय का काही?" मी ओरडले.

"आकडा सोडून सगळं दिसतंय!"

सगळे हसले. मी पट्टी मुद्दाम थोडी तिरकी केली.

तो जयराज. शिराळ्याचा, वडील — आबा — ऊस लावायचे, दोन्ही चुलते फौजेत. मी अक्षता, कोरेगावची. सांगलीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात आम्ही एकाच वर्गात होतो, पण बोलणं सुरू झालं ते त्या दिवसापासून. पुढे सेमिनारला आमचा गट एकच आला. विषय — सांस्कृतिक फरक. जपानी माणसाला वाकून नमस्कार करायचा, जर्मन माणसाकडे वेळेवर जायचं... सगळ्यांनी तेच आणलं होतं.

"आणि आपल्या वर्गात?" मी विचारलं.

"आपल्यात कसला फरक? आपण सगळे एकच की," जयराज म्हणाला.

त्याला ते मनापासून वाटत होतं. मी वाद घातला नाही. तो आवडायला लागला होता ना...

नागपंचमीला त्याने सगळ्या गटाला घरी बोलावलं. बाहेर भुरभुर पाऊस, आणि पानात पुरण भरलेली वाफाळती दिंडं. "घे गं बाळा, लाजू नगंस," त्याची आई मलाच जास्त आग्रह करत होती. निघताना त्या कुंकवाचा करंडा घेऊन आल्या. बोट कपाळाशी आलं, तशी मी हळूच म्हणाले, "काकू, आमच्या घरी—"

"आई, तिला कुंकवाची ॲलर्जी हाय!" जयराज मध्येच बोलला.

काकूंनी घाईने बोट पदराला पुसलं. "आगं, मग आदी सांगायचं न्हाई व्हय?"

परतीच्या एसटीत तो शेजारी येऊन बसला.

"तुला अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून..."

"अवघडलं कोण, जयराज? आम्ही बौद्ध आहोत. माझ्या आजोबांनी समजून-उमजून धम्म घेतला. त्याला तू आजार करून टाकलास."

पेठ नाका आला तरी तो खिडकीबाहेरच बघत होता.

त्यानंतर मी बाक बदलला. तो कॅन्टीनमध्ये आला की चहा अर्धा सोडून उठायचे. मला त्याचा राग होता, आणि तो दिसला नाही की कशात मन लागायचं नाही.

एका सोमवारी त्याने मला ड्रॉइंग हॉलबाहेर गाठलं. डोळे तारवटलेले.

"घरी जाऊन आलो. खरं काय ते सांगितलं."

"मग?"

"आबा जेवणावरनं उठले. आई त्यांचं ताट आवराय लागली. मग मी आईला म्हणलं... मला ती लय आवडते."

"माझ्याआधी आईला सांगितलंस?"

"तिच्याशी खोटं बोललो होतो ना."

मला हसू आलं आणि डोळेही भरले.

"माझ्या घरीही सोपं नाही," मी म्हणाले. "आईला वाटेल, पोरगी आपलं सगळं सोडून जाईल."

"तू काय सोडू नगंस."

"आणि तू? तू काय सोडशील?"



"अजून म्हाईत न्हाई, अक्षता. पन इथनं पुढं तुला विचारल्याबिगर तुझं काय ठरवणार न्हाई."

हॉलमधून मुलं बाहेर पडत होती, आमच्याकडे वळून बघत होती. मी बाजूला सरले नाही.

"मलाही आवडतोस तू," मी म्हणाले — त्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने.