शिडी धरणारा

हसू नका रे त्याला. बाहेरचं फाटक लावायला एकट्यानं जाववलं नाही, एवढंच ना? भीती कुणाला चुकलीय? कुणी पळतं, कुणी उगाच हसतं, कुणी दुसऱ्यावर खेकसतं. आमचे थोरले साडू खेकसणाऱ्यातले. वीजखात्यात वायरमन. सासुरवाडीत सगळे म्हणायचे, माणूस भारी तापट. मीही तेच समजत होतो. मग एकदा त्यांनी मला हे सांगितलं. थापा मारायचा त्यांचा स्वभाव नाही. गोष्टसुद्धा तक्रार सांगावी तशी सांगतात.

बसा जवळ. दार राहू दे उघडं.

गेल्या डिसेंबरातला तिसरा रविवार. साडू दोन पाळ्या ओढून घरी आले होते. बूट काढून पाय पाण्यात सोडले, तेवढ्यात फोन वाजला. गावाबाहेरच्या वस्तीतला मुलगा. शिक्षक आहे तो.

"काका, लाईट गेलीय. बाबा ऑक्सिजनच्या मशीनवर आहेत. बॅटरी फार टिकायची नाही."

"मग मी काय करू? मला काय चार हात आहेत?" साडू ओरडले. ओरडता ओरडता पाय पुसायला लागले.

मेहुणी म्हणाली, "अहो, हेल्पर तापानं पडलाय. एकटे कसे चढणार?"

"चढेन कसातरी. ते म्हातारबाबा काय उद्यापर्यंत श्वास धरून बसणार आहेत?"

मोटरसायकल काढली. थंडी अशी, की हँडलवर बोटं आखडली. लाईनीच्या कडेनं बॅटरी मारत गेले. पाण्याच्या पंपाजवळच्या खांबावर जोडाची तार, म्हणजे जंपर, तुटून लोंबत होती. काम अर्ध्या तासाचं. सबस्टेशनला फोन करून त्यांनी लाईन बंद करून घेतली. पंपाच्या खोलीमागे अ‍ॅल्युमिनियमची शिडी असायची, ती ओढत आणली, खांबाला लावली.

आणि तिथेच उभे राहिले.

कारण सांगतो. पूर्वी त्यांचा एक जोडीदार होता. अंगानं काडी, म्हणून सगळे त्याला 'पैलवान' म्हणायचे. जीव लावणारा माणूस, पण भित्रा. घाबरला की त्याला उचक्या लागायच्या. साडू वर चढले की हा खाली शिडी धरून उचक्या देत उभा. खात्यात सगळ्यांची करमणूक. एक दिवस वर मोठी ठिणगी उडाली. पैलवानानं शिडी सोडली आणि धूम ठोकली. शिडी घसरली. साडूंचा पाय दोन ठिकाणी मोडला.

पैलवान दवाखान्यात यायचा. पण दारापर्यंतच. मेहुणीनं त्याला कितीदा तरी पाहिलं, चौकटीला टेकून उभा असलेला. आत यायचं धाडस नाही. साडूंनी निरोप पाठवला, "त्याला म्हणावं, तोंड दाखवू नकोस." त्यानं नाहीच दाखवलं. नोकरी सोडली, पुढे काविळीनं गेला. साडू मातीलाही गेले नाहीत.

तेव्हापासून शिडीवर पाय ठेवायची साडूंना भीती वाटायची. बोलणार कुणाजवळ? मग खेकसायचे. हेल्परवर, ऑफिसवर, बायकोवर. मला म्हणाले, "चिडण्यानं भीती जात नाही रे. नुसता थकवा येतो. वीस वर्षं थकलोय मी."

त्या रात्री मात्र खेकसायलाही कुणी नव्हतं. खांबाला बांधून घ्यायचा कमरेचा पट्टा ऑफिसच्या जीपमध्ये राहिलेला. बॅटरी दातात धरून ते चढायला लागले. जमीन उंचसखल. शिडी डुगडुगत होती. प्रत्येक पायरीला करकर, करकर...

अर्ध्यावर गेले.

डुगडुग थांबली.

एकदम. जमिनीत गाडल्यासारखी शिडी घट्ट झाली. साडूंना वाटलं, पंपाचा वॉचमन आला असेल.

"कोण, वॉचमन का? बरं झालं आलास. धर नीट."

उत्तर नाही. झोपेतून उठून आला असेल, म्हणून त्यांनीही विचार केला नाही. वर पोचले. पक्कड काढली. तार जुळवायला लागले. वारा सुटला होता. एकदा डावा पाय पायरीवरून निसटला, सगळं अंग एका बाजूला गेलं. शिडी उलटायलाच हवी होती. तसूभर हलली नाही. खालून कुणीतरी सगळा जोर लावून धरली होती.

"शाब्बास!" साडू म्हणाले.

आणि खालून आवाज आला.

उचकी.

...

"मामा, म्हणजे तो—"

ऐक ना.

साडूंचा हात तसाच राहिला. वाऱ्याचा भास असेल. पुन्हा तार धरली.

उचकी. जरा थांबून, आणखी एक.

खाली बघायचं नाही, एवढंच त्यांनी ठरवलं. पेच आवळला. दुसरा आवळला. शिडी तशीच घट्ट होती. काम झालं.

आता उतरायचं होतं.

खाली.

ते खांबाला मिठी मारून राहिले. किती वेळ, त्यांना सांगता येत नाही. रागवायचा प्रयत्न केला. राग येईना. तोंडून शिवी निघेना. सगळं संपलं होतं आतलं. उरली होती ती फक्त भीती. आणि खाली त्या उचक्या. तेव्हा त्यांच्या ध्यानात आलं... तोही घाबरलाय. मेल्यावरसुद्धा घाबरलाय. पण या खेपेला सोडत नाहीये.

फोन वाजला. शिक्षकाचा.

"काका, मशीन शिट्टी मारायला लागलंय..."

ते उतरेपर्यंत लाईन सोडता येणार नव्हती.

"आलोच," साडू म्हणाले. फोन खिशात टाकला. डोळे मिटले. एक पायरी उतरले. मग अंधारात, खाली न बघता, हळूच बोलले,

"पैलवान... पाय बरा झालाय माझा."

उचकी थांबली.

आणखी एक पायरी. आणखी एक. काही ऐकू येत नव्हतं. वारासुद्धा नाही. शिडी घट्टच. शेवटच्या पायऱ्यांशी आले, तेव्हा दोन्ही खांद्यांना काहीतरी निसटतं लागलं. शिडी धरून उभ्या असलेल्या माणसाच्या दोन हातांमधून उतरावं, तसं. मानेवर श्वास आला. त्यांनी श्वास कोंडला.

पाय जमिनीला लागला.

कोणी नाही.

सबस्टेशनला फोन लावला. "सोड लाईन." वस्तीतले दिवे लागले. पंपाच्या खोलीवरचा बल्ब लागला, खोलीच्या दाराला बाहेरून कुलूप होतं. वॉचमन गावाला गेलेला. शिक्षकाचा फोन आला, बाबा ठीक आहेत, चहाला या म्हणाला. साडूंनी नको म्हटलं. शिडी उतरवायचं बळ अंगात नव्हतं. तशीच खांबाला ठेवून ते घरी गेले आणि कपड्यांनिशी झोपले. मेहुणी सांगते, कित्येक वर्षांत हा माणूस असा झोपलेला तिनं पाहिला नव्हता.

उजाडल्यावर शिडी परत ठेवायला गेले. हेल्परचा ताप उतरला होता, तो बरोबर. दव इतकं पडलं होतं, की गवत पांढरं दिसत होतं. खांब ओला. शिडी वरपासून खालपर्यंत थेंबांनी भरलेली.

फक्त छातीच्या उंचीला, दोन्ही बाजूंच्या दांड्यांवर, तळहाताएवढी जागा कोरडी होती.

हेल्परनं सहज तिथे हात लावला आणि झटकन मागे घेतला.

"अहो, हे गरम लागतंय!"

साडूंनी स्वतः हात ठेवून बघितला. मग हेल्पर शिडी उचलायला वाकला, तर ते त्याच्यावर खेकसले नाहीत. हळूच म्हणाले,

"राहू दे जरा. गार होऊ दे."