बाभळीत अडकलेला पूर

"शिंपले! अगं, पायाच्या खड्ड्यात शिंपले कुठून आले?" दिपमाला ओरडली.

"आणि हे गुळगुळीत गोटे बघ!" भूषणनं मूठभर गोटे वर टाकले.

खड्डा मृणालीच्या नव्या घराचा होता. जळगावच्या मेहरूणमधली ही भावंडं दर मे महिन्यात साक्रीजवळच्या डोहखेड्याला मामाकडे यायची आणि मृणाली ही त्यांची तिथली घट्ट मैत्रीण. तिचं सगळं घर पत्र्याच्या एका खोलीत उकडत होतं. यंदा नदीलगतच्या सपाट जागेवर बारा घरकुलं मंजूर झाली होती. अभ्यासाचं टेबल कोणत्या खिडकीशी ठेवायचं, हेसुद्धा मृणालीनं ठरवून टाकलं होतं!

आता मात्र तिचं तोंड उतरलं. "शिंपले नदीत असतात. माझे आजोबा, आबा, सांगतच होते, मोठा पूर आला की पाणी इथूनच जातं."

"मग आबा बोलले का नाहीत?"

"बोलले ना! ग्रामसभेत उभं राहून बोलले. नवलभाऊ सगळ्यांसमोर हसले. म्हणे, 'चिंधाआबा, पुरावा दाखवा!' आणि अख्खी सभा हसली!" मृणालीचे डोळे भरून आले.

नवलभाऊ म्हणजे घरकुलांचे ठेकेदार. म्हाताऱ्या माणसाला हसायला यांचं काय जातं? यांचा बंगला वर, टेकाडावर!

भूषणनं वर पाहिलं. जुनं गाव टेकाडावरच होतं, फिकट मातीच्या उंचवट्यावर. लोक त्या जागेला पांढरी म्हणायचे. "गावातल्या बायका पिढ्यान्‌पिढ्या इथून हंडे भरून ती चढण चढल्या. खाली राहिल्या असत्या तर पाणी दाराशीच होतं की! मग उगाच का एवढा त्रास काढला?"

"पण शहरं नदीकाठी वसतात, असं पुस्तकात आहे," दिपमाला म्हणाली.

"काठावर वसतात, बाई! पात्रात नाही!"

तेवढ्यात कुऱ्हाडीचे घाव ऐकू आले. काठावरच्या बाभळी धडाधड पडत होत्या आणि नवलभाऊ स्वतः उभे राहून फांद्या पेटवत होते.

"काका, झाडं का तोडताय?" मृणालीनं विचारलं.

"उद्या पायाभरणीला पंचायत समितीच्या मॅडम येताहेत. साफसफाई नको? चला, पळा इथून!"

पळता पळता दिपमाला थबकली. तोडलेल्या फांद्यांच्या बेचक्यांत वाळलेलं गवत, चिंध्या, प्लास्टिकच्या पिशव्या घट्ट अडकल्या होत्या. "झाडावर एवढ्या उंच हा कचरा कोण ठेवेल?"

"पूर!" तिघंही एकदम म्हणाली.

"म्हणजे हा पुरावाच जाळतोय! लबाड कुठला!" भूषण संतापानं लाल झाला.

एक बाभूळ मात्र उभी होती. तिच्या शेंड्याला आग्यामोहोळ लटकलं होतं, म्हणून कुऱ्हाडवाले तिच्याजवळ फिरकलेच नव्हते. खालच्या बेचक्यात फाटकं पोतं अडकलेलं होतं. मृणालीच्या घराचा पाया तिथून हाकेच्या अंतरावर!

"मामाकडे गवंडीकामाची पाण्याची नळी आहे," भूषण कुजबुजला. "तिची दोन टोकं कुठंही धरा, दोन्हीकडे पाणी एकाच उंचीला थांबतं."

सकाळी तिघं शहाण्या मुलांसारखी नवलभाऊंपुढे उभी राहिली. "काका, आम्ही पताका लावू?"

"वा! अखेर काहीतरी कामाचं सुचलं म्हणायचं!" नवलभाऊ खूश झाले. पताकांच्या दोरीबरोबर ती पारदर्शक नळी बाभळीपर्यंत गेली, ते त्यांना कळलंसुद्धा नाही.

मॅडम पायाजवळच्या ओट्यावर उभ्या राहिल्या. ओटा नेमका घराच्या जोत्याएवढा उंच होता. त्यांनी नारळ हातात घेतला. तिकडे पताकांसाठीच्या शिडीवर चढून भूषणनं श्वास रोखून नळीचं टोक पोत्याला लावलं. डोक्यावर मधमाश्या घोंगावत होत्या. हलायची सोय नव्हती!

इकडे मृणालीनं दुसरं टोक ओट्याशेजारच्या पताकांच्या बांबूला धरलं. पाणी हललं, डुचमळलं आणि मॅडमच्या डोक्याच्याही वर स्थिरावलं.

"हा काय पोरखेळ!" नवलभाऊ धावले. "बाजूला हो!"

"नाही होणार!" मृणाली कडाडली. "मॅडम, त्या झाडावर पुरानं पोतं अडकवलंय. तेवढं पाणी आलं, तर आमच्या घरात ते इथपर्यंत येईल. माझे आबा खरं बोलत होते! तुम्हाला पुरावा हवा होता ना, काका? घ्या!"

कोणी हसलं नाही. मॅडमनी नळी पाहिली, बाभूळ पाहिली, तोडलेल्या बुंध्यांजवळची राख पाहिली आणि नारळ खाली ठेवला. "टेकाडावर गावाला लागून मोकळी जागा दिसते, ती कुणाची?"

"सरकारी आहे, पण... तिथं मी मंगल कार्यालय बांधायचं म्हणतोय," नवलभाऊ पुटपुटले.

"लग्न एका दिवसाचं असतं, काका," मृणाली म्हणाली. "आम्हाला रोज राहायचंय!"

"घरकुलं वरच होतील," मॅडम म्हणाल्या. "आणि नवलभाऊ, ही राख कशाची, ते मला लेखी कळवा. शाबास, मुलांनो! हे आम्हा मोठ्यांना आधी दिसायला हवं होतं."

दिवाळीच्या सुट्टीत भावंडं आली, तेव्हा टेकाडावर मृणालीच्या घराचा पाया खणला जात होता. तिघं खड्ड्यात वाकून पाहू लागली. शिंपला एकही नव्हता. निघाली ती फुटक्या मडक्यांची खापरं आणि चुलीची काळी राख.

चिंधाआबांनी एक खापर हातात घेऊन पुसलं, नातीच्या तळहातावर ठेवलं आणि खड्ड्याकडे बोट दाखवलं.

"पोरी, आठे पहिले बी घर व्हतं."